‘एकही गोळी चुकवू नका’ या वाक्याचा उरलेला भाग

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्यातील सर्व जिल्हा क्षयरोग अधिकारी

विषय: क्षयरोगाच्या औषधांचे दुष्परिणाम रुग्णाला समजावून सांगण्याचे व त्यांवर लक्ष ठेवण्याचे काम परिचारिकांकडे अधिकारासह सोपवण्याबाबत.

महोदय, महोदया,

शासकीय आरोग्य सेवेत ३१ वर्षे काम करून मी परिसेविका म्हणून निवृत्त झाले. त्यातील शेवटची ९ वर्षे क्षयरोग कक्षात गेली आणि त्याच्या बऱ्याच आधी, पस्तिशीत असताना, क्षयरोगाच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स मी स्वतः पूर्ण केला आहे. माझ्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी मुली आजही आपल्या खात्यात काम करत आहेत आणि मी जे लिहिणार आहे ते त्या रोज पाहत आहेत. सेवेत असल्यामुळे त्यांना जाहीरपणे लिहिता येत नाही, म्हणून मी लिहीत आहे.

एका रुग्णापासून सुरुवात करते. पन्नाशीच्या आतबाहेरचे ते गृहस्थ ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम होते. उपचाराच्या सहाव्या आठवड्याच्या शेवटी मुलाने आणि भावाने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना कक्षात आणले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला होता आणि गळ्यात काविळीची माळ होती. बारीक काड्यांची ही माळ जसजशी लांबत जाते तसतशी कावीळ उतरते, अशी समजूत आपल्याकडे अनेक भागांत आहे. गेले बारा दिवस ते शेजारच्या गावाहून काविळीचे झाडपाल्याचे औषध आणून घेत होते आणि तेल, तिखट सोडून नुसत्या भातावर होते. मी काही विचारण्याच्या आत त्यांच्या पत्नीने कापडी पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटे काढली आणि माझ्यासमोर टेबलावर एकावर एक रचली. ४१ दिवसांचा हिशेब बरोबर जुळत होता. त्या दिवशी सकाळी उलट्या होत असतानाही त्यांनी चारही गोळ्या घेतल्या होत्या. “तुम्हीच सांगितलं होतं ना, एक बी गोळी चुकवायची नाही म्हणून,” असे त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. सांगितलेले नीट पाळल्याचा पुरावा त्या मला दाखवत होत्या. पाचव्या दिवशी ते गृहस्थ गेले.

त्यांना ते वाक्य सांगणाऱ्यांत मीही होते, आणि या पत्रात मला जे मागायचे आहे ते त्या टेबलावर रचलेल्या पाकिटांशी जोडलेले आहे.

“एकही गोळी चुकवू नका” हे वाक्य खोटे नाही. अर्धवट सोडलेल्या उपचारांतून औषधांना दाद न देणारा क्षयरोग निर्माण होतो आणि तो त्या माणसाबरोबर त्याच्या घरातल्यांनाही लागू शकतो, म्हणून आपण हे वाक्य भिंतींवर रंगवले, पत्रकांवर छापले, आशाताईंच्या तोंडी दिले. ते योग्यच केले. परंतु या वाक्याला एक उत्तरार्ध आहे आणि तो बहुतेक रुग्णांपर्यंत पोहोचतच नाही. तो असा: मात्र जेवणावरची वासना एकदम उडाली, उलट्या थांबेनात, डोळे पिवळे दिसू लागले, नजर अंधूक झाली, किंवा अंगावर पुरळ उठून ताप आला, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी आमच्याकडे या. पूर्वार्ध ज्याने मनापासून पाळला, तोच रुग्ण उत्तरार्ध न कळल्यामुळे सर्वांत जास्त धोक्यात येतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्याला गोळ्या सोडायच्याच असतात तो त्रास सुरू होताच सोडून मोकळा होतो. प्रामाणिक माणूस मात्र पिवळ्या डोळ्यांनी गोळ्या गिळत राहतो.

आपण सारे जाणताच, परंतु हे पत्र रुग्णांचे नातेवाईकही वाचतील म्हणून थोडे सविस्तर लिहिते. साध्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगात पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे दिली जातात. २०१७ पासून देशभर ही औषधे एकत्रित गोळीच्या रूपात, वजनाच्या गटानुसार, रोज दिली जाऊ लागली. त्याआधी सरकारी कार्यक्रमात ती आठवड्यातून तीन दिवस दिली जात. या चारांपैकी पहिली तीन औषधे यकृताला त्रास देऊ शकतात आणि तो त्रास बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांतच उद्भवतो. लक्षणे असताना एसजीपीटी (यकृताला झालेली इजा दाखवणारे रक्तातील प्रमाण) सामान्य मर्यादेच्या तिपटीवर गेले, किंवा लक्षणे नसतानाही पाचपटीवर गेले, तर सर्व औषधे थांबवायची आणि यकृत सावरल्यावर ती एकेक करून पुन्हा सुरू करायची, ही रीत सर्वत्र मान्य आहे. म्हणजे औषध थांबवणे हाही उपचाराचाच भाग आहे. तो केव्हा करायचा आणि कोणाला विचारून करायचा, हे रुग्णाला माहीत नसते, एवढेच.

काविळीबाबत एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट परिचारिकेलाच ठाऊक असते. एरवी कावीळ होऊ लागली की माणसाला सर्वांत आधी लघवीच्या रंगावरून संशय येतो. रिफाम्पिसिन घेणाऱ्याची लघवी पहिल्या दिवसापासूनच केशरी-लाल असते, त्यामुळे धोक्याची ही ओळखीची खूण त्याच्यासाठी निकामी झालेली असते. म्हणून अशा रुग्णाला खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बसवून, खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग पाहावा लागतो आणि “काल रात्री किती भाकरी खाल्ली, परवा किती खाल्ली” असे विचारावे लागते. “भूक लागते का?” या प्रश्नाला आपली माणसे “हो” म्हणूनच मोकळी होतात, भाकरी मोजायला लावली की खरे उत्तर मिळते. ट्यूबलाइटच्या प्रकाशात सौम्य कावीळ निसटते, हे मी प्रत्येक नव्या मुलीला सांगत आले.

लघवीच्या रंगाची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. नव्याने लग्न होऊन आलेल्या एका मुलीला गळ्यातील गाठींचा क्षयरोग निघाला. गोळ्या सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिची लघवी लाल झाली, ओढणीवर घामाचे केशरी डाग पडले आणि घरात एकच घबराट उडाली. “गोळ्या गरम पडल्या, रक्त जायला लागलं,” असे सासूबाईंनी ठरवले आणि पुढचे अकरा दिवस त्या गोळ्या तांदळाच्या डब्यात पुरलेल्या राहिल्या. गावात कोणीही औषध “उष्ण पडले” म्हटले की त्यापुढे कोणी प्रश्न विचारत नाही. ती मुलगी परत आली ती गाठ फुटल्यावर. पहिल्या दिवशी कोणी दोन मिनिटे तिच्याजवळ बसून सांगितले असते की उद्यापासून लघवी लाल होईल, घाम आणि डोळ्यांतले पाणीही केशरी होईल, ते रक्त नाही, तो औषधाचा रंग आहे आणि औषध शरीरात पोहोचल्याची ती खूण आहे, तर हे अकरा दिवस वाचले असते. तिला आणखी एक सांगायला हवे होते: गाठींच्या क्षयरोगात उपचार चालू असतानाही काही वेळा गाठी आधी वाढतात किंवा नवी गाठ येते, आणि त्याचा अर्थ औषध फुकट गेले असा नसतो. त्याच मुलीच्या पर्समध्ये माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट होते. रिफाम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही आणि उपचार संपेपर्यंत कॉपर-टी किंवा निरोध असा दुसरा उपाय लागतो, हे तिला कोणीही सांगितले नव्हते. सासूसमोर आणि रांगेतल्या पुरुषांसमोर ती ते विचारणार तरी कशी होती?

मी स्वतः या गोळ्या घेतल्या तेव्हा मला हे सगळे पाठ होते. तरीही पहिल्या सकाळी न्हाणीघरात लाल लघवी पाहून माझे हातपाय गार पडले आणि मी भिंतीला धरून उभी राहिले. ज्ञान असलेल्या परिचारिकेची ही गत, तर ज्याला कोणी काही सांगितलेले नाही त्याचे काय होत असेल, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले. पहिला पंधरवडा फार वाईट जातो. सकाळी उपाशीपोटी मूठभर गोळ्या घेतल्यावर पोटातून वर येणारी ती मळमळ, तोंडाला धातूसारखी चव, दुपारपर्यंत अंगात न येणारे त्राण, आणि त्यात “क्षय झालाय” म्हणून वेगळी ठेवलेली ताटवाटी. या पंधरवड्यात माणसाला धीर देणारे, ऐकून घेणारे आणि जाणकार असे कोणी भेटले नाही, तर पुढचे साडेपाच महिने केवळ फलकावरच्या घोषवाक्यांवर निघत नाहीत.

मळमळीवर सोपे उपाय आहेत. गोळ्या घाईने एका घोटात न घेता थोड्या थोड्या पाण्याबरोबर, थोडा वेळ घेऊन घ्याव्यात. उपाशीपोटी घेणे उत्तम असले तरी सोसतच नसेल तर केळे किंवा थोडेसे खाऊन घ्याव्यात. तेही जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घ्याव्यात. मात्र पित्त समजून गोळ्यांबरोबरच अँटासिडचे पातळ औषध घेऊ नये, कारण त्यातील ॲल्युमिनियममुळे आयसोनियाझिड नीट शोषले जात नाही. दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर हवे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन-तीन आठवडे नीट गेल्यानंतर मळमळ नव्याने सुरू झाली, तर तिला पित्त समजून सोडून देऊ नये. मुकादमांच्या बाबतीत पहिल्या चार दिवसांच्या उलट्यांवर पित्ताच्या गोळ्या देऊन त्यांना घरी पाठवण्यात आले होते.

सांधेदुखीबद्दल फार लिहीत नाही. ती बहुधा पायराझिनामाइडमुळे होते, डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामकाने आटोक्यात राहते आणि ते औषध दोन महिन्यांनी बंद झाले की जाते. पायांच्या मुंग्यांबद्दल मात्र लिहायलाच हवे. आयसोनियाझिडमुळे तळपायांची आग होणे, टोचल्यासारखे वाटणे, हळूहळू बधिरपणा येणे हे मधुमेही, दारू पिणारे, कुपोषित, एचआयव्हीबाधित, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यात अधिक दिसते. रोजची १० मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्वाची एक स्वस्त गोळी, हे टाळू शकते. आपले रुग्ण मुख्यत्वे कुपोषित आहेत, त्यात मधुमेही वाढत आहेत, आणि तरीही ही गोळी कधी असते, कधी नसते, कधी लिहून दिली जाते पण बाहेरून आणायला सांगितली जाते. चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी कळले नाही, असे सांगणारा एक रिक्षाचालक माझ्याकडे आला होता. दोन महिने त्याने पायांची आग थकव्यावर ढकलली होती, कारण फुप्फुसाच्या आजाराच्या गोळ्यांचा पायांशी संबंध असेल हे त्याच्या मनातही येण्याचे कारण नव्हते. मधुमेही रुग्णाला आणखी एक सांगावे लागते: रिफाम्पिसिनमुळे साखरेच्या काही नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, साखर वाढते, आणि क्षयरोग बरा व्हायचा असेल तर साखर ताब्यात हवी.

डोळ्यांचे काम सर्वांत दुर्लक्षित आहे. इथॅम्ब्युटॉलमुळे दृष्टीच्या मज्जातंतूला इजा होऊ शकते. नजर मंद होते, लाल आणि हिरव्या रंगांतला फरक कळेनासा होतो, आणि वेळीच औषध थांबवले तर बहुतेकांची नजर परत येते. आठवड्यातून तीन दिवसांच्या जुन्या पद्धतीत हे औषध सामान्यतः पहिल्या टप्प्यापुरते असे. आताच्या रोजच्या उपचारात ते शेवटपर्यंत, सहाही महिने चालते. औषधाची मुदत तिपटीने वाढली, पण नजरेची चौकशी पहिल्या भेटीतल्या एका प्रश्नापलीकडे गेली नाही. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. आमच्या कक्षात भिंतीवर एक दिनदर्शिका होती. दर महिन्याला गोळ्या न्यायला आलेल्या रुग्णाला मी ठरलेल्या फरशीवर उभे करायचे, एक डोळा तळहाताने झाकून तारखांखालचा बारीक मजकूर वाचायला लावायचे, मग दुसरा डोळा. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्यासमोर टोपलीत लाल आणि हिरव्या मिरच्या मिसळून ठेवायचे आणि वेगळ्या करायला सांगायचे. दोन्ही डोळ्यांनी पाहताना एका डोळ्याची कमतरता लक्षात येत नाही, म्हणून एकेक डोळा. या पद्धतीने ९ वर्षांत तिघांची मंदावणारी नजर आम्हाला वेळेत सापडली. त्यांतील एक शिंपीकाम करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आपणहून काहीच सांगितले नव्हते. सुईत दोरा ओवता येत नाही हे वयामुळे असेल असे त्यांना वाटत होते. त्यांचे वय ३८ होते.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात तर दुष्परिणामांचा भार कितीतरी जड असतो. पूर्वी महिनोन्महिने दिल्या जाणाऱ्या कॅनामायसिनसारख्या इंजेक्शनांमुळे कित्येक रुग्णांची श्रवणशक्ती कायमची गेली. मुंबईच्या पत्रकार नंदिता व्यंकटेशन यांनी क्षयरोगाच्या उपचारात गेलेल्या आपल्या श्रवणशक्तीबद्दल जाहीरपणे बोलून या प्रश्नाला वाचा फोडली. आता तोंडाने घ्यायच्या औषधांचे उपचार आले आहेत आणि २०२४ मध्ये बीपाम (BPaLM) या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारालाही केंद्राने मान्यता दिली, हा मोठा दिलासा आहे. परंतु तोंडाने घ्यायच्या या औषधांपैकी बेडाक्विलिनसाठी ईसीजी पाहत राहावा लागतो, लिनेझोलिडमुळे रक्त कमी होते आणि हातापायांच्या व डोळ्यांच्या नसांना इजा होते, सायक्लोसेरिनमुळे मन खचते आणि क्वचित माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो, क्लोफाझिमिनमुळे कातडी काळवंडते. इंजेक्शन गेले म्हणजे परिचारिकेचे काम संपले, असे काही ठिकाणी मानले गेले आहे. प्रत्यक्षात इंजेक्शनाच्या निमित्ताने रुग्ण रोज परिचारिकेसमोर बसत होता, ती भेट मात्र संपली.

या बदलाची मुळे जुनी आहेत. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले आणि १९५९ मध्ये तेथील अभ्यासाने दाखवून दिले की आरोग्यधामात खाटेवर ठेवून केलेल्या उपचारांइतकेच घरी राहून घेतलेले उपचार गुणकारी ठरतात. त्या एका अभ्यासाने जगभर आरोग्यधामांची गरज कमी केली आणि गरीब माणसाला घर, रोजगार न सोडता बरे होण्याची वाट खुली केली. आपल्या देशाला याचा अभिमान असायला हवा. परंतु त्या अभ्यासात घरी गेलेल्या रुग्णाच्या मागे कर्मचाऱ्यांच्या गृहभेटी होत्या. आपण रुग्णाला घरी पाठवण्याचा भाग उचलला, आणि त्याच्या मागे जाणारी जाणकार नजर वर्षागणिक पातळ होत गेली. आज वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक, क्षयरोग आरोग्य अभ्यागत आणि आशाताई आपापल्या परीने धडपडतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण एका पर्यवेक्षकाच्या मोटारसायकलवर किती गावे असतात आणि त्यांचा किती वेळ निक्षय पोर्टलवरील, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी संकेतस्थळावरील, नोंदी भरण्यात जातो, हे आपणास माहीत आहे. पोर्टलवर रुग्णाचा बँक खाते क्रमांक असतो. त्याच्या भाकऱ्या किती कमी झाल्या, हे तिथे नसते.

माझ्या या म्हणण्यावर बैठकींमध्ये नेहमी एक आक्षेप आला: दुष्परिणाम सांगितले तर रुग्ण घाबरेल आणि गोळ्याच घेणार नाही. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. लघवी लाल होईल असे आदल्या दिवशी सांगितलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी हसत येतो आणि “बाई, तुम्ही म्हणालात तसंच झालं” म्हणतो. तेथून पुढे तो आपल्यावर विश्वास ठेवतो. जो त्रास आधी सांगितला होता तो सोसला जातो, जो सांगितला नव्हता तो औषधावर आणि आपल्यावर संशय आणतो. घाबरवणारी गोष्ट असते ती सरसकट यादी. मळमळ आणि अंधत्व एकाच दमात वाचून दाखवले तर कोणीही घाबरेल. कोणता त्रास सोसायचा, कोणता कळवायचा आणि कोणत्या त्रासात गोळी हातात असली तरी तोंडात टाकायची नाही, हे समोरच्या माणसाचे वय, वजन, व्यसन, मधुमेह आणि घरची परिस्थिती पाहून वेगवेगळे करून सांगणे, हेच परिचारिकेचे शिक्षण आहे. ते कागद वाटून होत नाही.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. तो खरा आहे आणि रिक्त जागा भरल्याशिवाय त्याला पूर्ण उत्तर नाही. पण जे आहे त्यातही बरेच करता येते. तामिळनाडूने एप्रिल २०२२ पासून क्षयरोगाचे मृत्यू कमी करण्यासाठी जी योजना राबवली, तिच्या मुळाशी अगदी साध्या गोष्टी होत्या: निदान होताच रुग्णाचे वजन आणि उंची, श्वासाची स्थिती आणि त्याला आधाराशिवाय उभे राहता येते का, एवढे पाहायचे आणि जो फार खालावला आहे त्याला लगेच भरती करून घ्यायचे. हे काम तेथील नेहमीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी केले. आपल्याकडेही पहिल्या दिवसाला असे महत्त्व देता येईल.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, गोळ्या सुरू करण्याच्या दिवशी प्रत्येक रुग्णाला आणि त्याच्याबरोबर आलेल्या एका नातेवाइकाला परिचारिकेबरोबर दार लोटलेल्या खोलीत वीस मिनिटे मिळावीत आणि ही वीस मिनिटे तिच्या कामाच्या तासांत मोजली जावीत. खोली नसेल तर आडोसा चालेल, पण औषधवाटपाच्या खिडकीसमोर उभे राहून हे बोलणे होत नाही. त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी तिने रुग्णाला फोन करावा, पुढे दोन महिने पंधरवड्याला आणि शेवटपर्यंत महिन्याला प्रत्यक्ष पाहावे, आणि दर भेटीत डोळे, पाय, भाकरी आणि वजन विचारले गेल्याची नोंद असावी. उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांपैकी अनेकजण मूळचे परिचर्येचे पदवीधर आहेत. ते हे काम उत्तम करतील, त्यांना ते अधिकृतपणे सोपवले मात्र पाहिजे.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एका लेखी आदेशाची मागणी. डोळे पिवळे दिसले, नजर अंधूक झाली, पुरळासह ताप किंवा तोंडात फोड आले, उलट्यांमुळे पाणीही पोटात ठरत नसेल, तर पुढील गोळ्या थांबवून रुग्णाला त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवण्याचा अधिकार परिचारिकेला असावा आणि औषध थांबवले म्हणून तिला जाब विचारला जाऊ नये. मुकादमांच्या गावात जाणाऱ्या परिचारिकेला, ती तरुण मुलगी होती, त्यांच्या डोळ्यांची शंका चार दिवस आधी आली होती. डॉक्टर प्रशिक्षणाला गेले होते आणि गोळ्या आपण बंद करायला सांगितल्या तर “उपचार खंडित” अशी नोंद आपल्या नावावर लागेल, या भीतीने ती गप्प राहिली. ती माझ्यासमोर रडली होती. तिच्यावर ठपका ठेवायला माझे मन तेव्हा धजले नाही, आजही धजत नाही.

यकृताची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी होऊन त्याच दिवशी अहवाल मिळावा. जिल्ह्याला पाठवलेला नमुना चार दिवसांनी परततो तोवर माणूस आणखी चार मात्रा घेऊन बसलेला असतो किंवा सगळे सोडून बसलेला असतो. पायरिडॉक्सिनचा साठा क्षयरोगाच्या गोळ्यांबरोबरच यावा. औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याची राष्ट्रीय व्यवस्था २०१० पासून आहे आणि तिचा अर्ज परिचारिकाही भरू शकतात, पण माझ्या हाताखालच्या मुलींपैकी फारच थोड्यांनी तो कधी पाहिला होता. तो प्रत्येक क्षयरोग कक्षात ठेवावा आणि भरायला शिकवावा. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्या रुग्णांची नोंद २०१२ पासून सक्तीची आहे. एकेटीचे, म्हणजे क्षयरोगाच्या गोळ्यांचे, पाकीट औषधाच्या दुकानातून विकत घेणाऱ्या या माणसाला कोणीच परिचारिका भेटत नाही, तेव्हा नोंद होताच त्यालाही हे वीस मिनिटांचे बोलणे आणि फोन मिळावेत.

रुग्णाच्या हातात द्यावयाचा एक पानी मजकूर मी सोबत जोडत आहे. वरच्या अर्ध्या भागात सोसायच्या आणि कळवायच्या गोष्टी आहेत, खालच्या अर्ध्या भागात पिवळा डोळा, झाकलेला डोळा, पुरळ उठलेला हात आणि ओकणारा माणूस अशी चार चित्रे आहेत आणि त्यांच्यासमोर गोळीवर फुली मारलेली आहे. पानाच्या तळाशी निक्षय संपर्कचा १८००-११-६६६६ हा निःशुल्क क्रमांक आहे आणि त्याखाली त्या गावच्या परिचारिकेचे नाव व फोन लिहिण्यासाठी जागा कोरी ठेवली आहे. हा मजकूर मराठीत आहे. नंदुरबारसाठी तो भिली आणि पावरीत, मेळघाटासाठी कोरकूत, गडचिरोलीसाठी गोंडी आणि माडियात, तेथील परिचारिका व आशाताईंना बरोबर घेऊन तयार करून घ्यावा, आणि त्यातील “गोळी थांबवा” हे वाक्य छापण्याआधी कोणत्याही बैठकीत गाळले जाणार नाही, एवढे आपण स्वतः पाहावे, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका